लेकरू कुणाकडे ठेवायचं?

मार्चमधल्या एका दुपारी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कॅन्टीनमध्ये आम्ही तिघी चार लेकरं घेऊन बसलो होतो. चौथी मैत्रीण तिथून जवळच, शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाऊसमध्ये, यूपीएससीच्या मुलाखतीला गेली होती. जाताना तिने माझ्या हातात तीन गोष्टी दिल्या. मोबाईल, कारण तो आत नेता येत नाही. दुधाची बाटली. आणि चौदा महिन्यांचा मुलगा.

सहा वर्षांनी आम्ही चौघी एकत्र आलो त्या अशा. कुणी गेट-टुगेदर ठरवलं नव्हतं. आठ दिवस आधी तिचा फोन आला होता. "बुलढाणा, मुलाखतीचं पत्र आलं. पण लेकरू कुणाकडे ठेवायचं गं?"

बुलढाणा म्हणजे मी. २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं आम्ही पुण्यात विश्रांतवाडीला एका खोली-स्वयंपाकघरात चौघी राहायचो. सरकारी वसतिगृहाच्या यादीत चौघींपैकी एकीचंही नाव लागलं नव्हतं. त्याच सुमारास राज्य सरकारची स्वाधार योजना सुरू झाली होती. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये. आमच्यापैकी दोघींना ते मिळायचे, दोघींना नाही. पैसे मात्र चौघींच्या डब्यात पडायचे. एकमेकींना आम्ही जिल्ह्याच्या नावाने हाक मारायचो. नांदेड, वाशिम, सातारा, बुलढाणा. सुरुवातीला ती गंमत होती. पुढे लक्षात आलं की जिल्हा सांगितला की आडनाव सांगावं लागत नाही. खोली शोधताना सात घरमालकांनी आडनाव विचारलं होतं, त्यानंतर आम्हाला आडनावाचाच कंटाळा आला होता.

तो डबा, ती जिल्ह्यांची नावं आणि भिंतीवर चिकटवलेला पाळ्यांचा कागद, एवढंच आमच्या त्या घराचं भांडवल. कागदावर लिहिलेलं असायचं: भाजी कुणाची, पाणी कुणाचं, कणीक कुणाची. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी रांगेत एकच जण जायची, चौघींची कागदपत्रं घेऊन. वाशिमची नर्सिंगची परीक्षा असली की पंधरा दिवस तिची पाळी कुणीतरी उचलायची. माझा एम.ए.चा प्रबंध साताऱ्याने टाईप करून दिला, तेव्हा ती स्वतः बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आम्ही पास झालो याचं श्रेय आमच्या हुशारीला देणारे खूप भेटतात. मी ते त्या कागदाला देते. चार मुलींनी एकमेकींचं काम वाटून घेतल्यामुळे प्रत्येकीला दिवसाचे तीन-चार तास अभ्यासाला मिळाले.

आज वाशिम दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर आहे. सातारा गाझियाबादला बँकेत आहे. मी दिल्लीत समाजशास्त्रात पीएच.डी. करते. नांदेड तिच्या जिल्ह्यात राहून तिसऱ्यांदा यूपीएससी देत होती, या वेळी मुलाखतीपर्यंत पोचली. चौघींना एकेक मूल आहे. आणि चौघींच्याही घरात आता पाळ्यांचा कागद नाही.

कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडा मुलांना भरवत आम्ही हिशोब मांडला. नांदेडच्या मुलाला सांभाळायला कुणी का नव्हतं? नवरा तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवतो. दिल्लीला येऊन जायचं म्हणजे चार-पाच दिवस, आणि जेवढे दिवस गैरहजर तेवढे तास कापले जातात. सासू हरभऱ्याच्या काढणीला जाते, मार्च हाच तिच्या कमाईचा महिना. मूल अंगावर पितं, म्हणून दिल्लीला आणणं भागच होतं. राहिली नांदेडची आई. वडील गेल्यावर ती पुण्याला आली आणि आज एका सोसायटीत एका घरचं बाळ सांभाळते. त्या बाळाची आई आयटी कंपनीत आहे आणि त्या आठवड्यात तिचं महत्त्वाचं प्रेझेंटेशन होतं. म्हणून आईला सुट्टी मिळाली नाही. त्या घरी तिला 'मावशी' म्हणतात.

हे ऐकून साताऱ्याने वड्याची बशी बाजूला सारली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मावशी हा शब्द किती गोड. आईची बहीण. पण आपल्या शहरांत भांडी घासणारी मावशी, दवाखान्यात फरशी पुसणारी मावशी, मेसमध्ये पोळ्या लाटणारी मावशी. आपल्या आया, चुलत्या, आत्या या कुणाच्या तरी मावश्या आहेत. त्या दुसऱ्याच्या घरातली लेकरं सांभाळतात, त्यामुळे त्या घरातल्या मुलीला अभ्यासाला, नोकरीला, प्रेझेंटेशनला वेळ मिळतो. स्वतःच्या मुलीच्या लेकरासाठी त्यांच्याकडे एक दिवस नसतो. नांदेडच्या लेकराची आजी त्या दिवशी पुण्यात लेकरूच सांभाळत होती, फक्त आपलं नव्हे.

समाजशास्त्रात 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द आम्ही पहिल्याच सत्रात शिकतो. घरात पुस्तकं असणं, इंग्रजी असणं, ओळखीपाळखी असणं. पण ज्या भांडवलाबद्दल आपण कमी बोलतो ते म्हणजे रिकाम्या हातांची आजी. माझ्या विभागातल्या एका मैत्रिणीला मूल झालं तेव्हा तिची आई सहा महिने येऊन राहिली. शाळेतून निवृत्त, पेन्शन आहे, दिल्लीत स्वतःचा फ्लॅट आहे. मैत्रिणीने बाळंतपणानंतर तीन महिन्यांत प्रकरण लिहून दिलं. सगळ्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, मीही केलं. ती जिद्दी आहेच. पण त्या प्रकरणामागे एक निवृत्तिवेतन होतं, एक घर होतं आणि दोन पिढ्यांची पक्की नोकरी होती. माझी आई साठीला आली तरी कापूस वेचायला जाते. ती दिल्लीला आली तर तिच्या घरची चूल कशावर पेटायची? मूल झाल्यावर कुणाचा अभ्यास चालू राहतो आणि कुणाचा थांबतो, हे बऱ्याच वेळा आजीच्या हातात काम आहे की पेन्शन, यावर ठरतं. आणि कुठल्या जातीच्या आजीच्या हातात काय आहे, हे आपल्याला सांगायला नको.

आता नवऱ्यांबद्दल. आमच्या चौघींचे नवरे चांगले आहेत. हे वाक्य आम्ही चौघींनी त्या दुपारी एकेकदा उच्चारलं आणि मग हसलो. सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७. मुळात ही कामं करणाऱ्या बाया शंभरात ८१ आणि पुरुष २६. १४ एप्रिलला स्टेजवर स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारा आपला कार्यकर्ता घरी आल्यावर पाण्याचा तांब्या मागतो, हे आपण घरातल्या घरात ठेवलं आहे. बाहेरच्यांना हसायला कारण नको म्हणून. पण बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत हजारो बायांसमोर जे सांगितलं त्यात बायकोने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावं, हेही होतं. ते ऐकायला बाया होत्या. त्या भाषणाची आठवण आता आपल्या सभांमधल्या पुरुषांना करून दिली पाहिजे.

तरीही फक्त नवऱ्यावर हा प्रश्न टाकून सुटका नाही. नांदेडचा नवरा चांगलाच आहे, पण त्याचे तास कापले जातात. प्रश्न घराच्या बाहेरचाही आहे.

कायदा काय म्हणतो ते बघू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, असंही आलं. छान. पण हे कर्मचाऱ्यांसाठी. पीएच.डी. करणारी बाई कर्मचारी नसते, तिला पगार नाही, फेलोशिप मिळते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत तिला संपूर्ण पीएच.डी.च्या काळात मिळून २४० दिवस प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते आणि प्रबंध पूर्ण करायला दोन वर्षांची जास्तीची मुदत मिळू शकते. हेही छान. पण गणित करा. २४० दिवस म्हणजे आठ महिने. अंगणवाडीतलं शिक्षण सुरू होतं तिसऱ्या वर्षी. मूल आठ महिन्यांचं झाल्यापासून तीन वर्षांचं होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं चार महिने, ते कुठे असायचं? नियमावलीने आईला वेळ वाढवून दिला, पण त्या वाढवलेल्या वेळात लेकरू कुणाच्या कडेवर असेल ते सांगितलं नाही.

माझ्यापुरतं उत्तर सांगते. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. महिना ३७ हजारांच्या फेलोशिपमधला जवळजवळ पाचवा हिस्सा खाजगी पाळणाघराला जातो. ज्या महिन्यात फेलोशिप येत नाही त्या महिन्यात मुलगी माझ्यासोबत वाचनालयाच्या पायऱ्यांवर असते. एकदा प्रगती अहवालाच्या बैठकीला मी तिला घेऊन गेले. समितीतल्या एका प्राध्यापकांनी हसत विचारलं, "आता दोन-दोन संशोधनं एकदम?" त्यांना विनोदच करायचा होता. मी पण हसले. घरी येऊन मी त्या दिवशीचं एक पानही लिहिलं नाही.

इथे कुणी म्हणेल, मग मुलं उशिरा का नाही होऊ देत? शिक्षण पूर्ण करा, मग संसार करा. बाबासाहेबांनीही त्याच भाषणात लग्नाची घाई करू नका असं सांगितलं होतं. बरोबर आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी तसंच करावं. पण पहिल्या पिढीच्या मुलीचं लग्न हा बऱ्याच घरांत शिक्षणाच्या परवानगीचा सौदा असतो. "एम.ए. कर, पण मग ऐकायचं." मी ऐकलं. शिवाय आमची शिक्षणंच उशिरा संपतात. एक वर्ष फीसाठी काम करण्यात, एक वर्ष घरच्या आजारपणात, एक वर्ष आरक्षणाच्या जागेवर जाहिरात कधी निघेल याची वाट बघण्यात. पीएच.डी. संपेपर्यंत थांबायचं तर काहींना पस्तिशी उलटेल. अभ्यास आणि आईपण यांतलं एक निवड, असं कुणा मुलाला म्हणत नाहीत. आमच्या वर्गातल्या दोन मुलांना पीएच.डी.च्या काळात मुलं झाली. कुणी त्यांना लेकरू कुणाकडे ठेवलं असं विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये लग्नानंतर, नोकरी आणि मुलं सांभाळत केलेल्या एम.ए.ची हकीकत आहे. ते पुस्तक २००३ चं. वीसेक वर्षांनी मी तेच वाचते आणि माझ्या डायरीची पानं वाटतात. त्यांच्या पिढीने हे एकटीने ओढलं. आपल्याला त्यांचा अभिमान आहेच. पण एकटीने ओढण्याची परंपरा करायची का?

आपल्या चळवळीचा इतिहास खरं तर एकटीने ओढण्याचा नाही. १८६३ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. समाजाने टाकलेल्या विधवांची बाळंतपणं तिथे झाली, त्यांची लेकरं तिथे सांभाळली गेली. मुलींची शाळा काढणाऱ्यांनीच हे केलं, कारण बाईचा प्रश्न फळ्यापाशी संपत नाही हे त्यांना दिसत होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली, त्यांत १९०८ चं अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह होतं. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. या सगळ्यांना एक गोष्ट कळली होती. नुसती फी माफ करून आपलं पोरगं शिकत नाही. त्याला डोक्यावर छप्पर, दोन वेळची भाकर आणि रात्री दिवा लागतो. घर जे देऊ शकत नाही ते समाजाने द्यायचं, ही वसतिगृहामागची कल्पना.

फक्त त्या कल्पनेतला विद्यार्थी एकटा होता. बहुतेक वेळा मुलगा, ज्याच्या कडेवर कुणी नाही. आज शिकणारी आपली बाई एकटी नाही, तिच्या कडेवर लेकरू आहे. वसतिगृहाच्या कल्पनेची पुढची पायरी म्हणजे पाळणाघर. हा मला या लेखातून सांगायचा एकच मुद्दा.

आणि या पायरीलाही बाबासाहेबांचा आधार आहे. २८ जुलै १९२८ ला मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांसाठीच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही. आपण त्याला बाबासाहेबांचं स्त्रियांबद्दलचं योगदान म्हणून फलकावर लिहितो. पण तो एक राजकीय विचार आहे: मूल वाढवणं ही फक्त आईची खाजगी बाब नाही, समाजाचं काम आहे, आणि त्याचा खर्च समाजाने वाटून घ्यायचा. तो विचार गिरणीच्या फाटकातून विद्यापीठाच्या फाटकात आणायचा आहे.

मग मागायचं काय? पहिलं, प्रत्येक विद्यापीठात पाळणाघर, आणि त्यात संशोधक विद्यार्थिनींच्या मुलांना हक्काने जागा. पण तिथेच एक अट आपण घालायची. त्याच पाळणाघरात विद्यापीठाच्या स्वच्छता कामगार आणि मेसमध्ये काम करणाऱ्या बायांच्या मुलांना जागा असली पाहिजे. ठेकेदाराकडच्या म्हणून त्यांना वगळायचं नाही. नाहीतर आमच्यासारख्या शिकलेल्या बाया आपल्याच मावश्यांच्या जिवावर डॉक्टर होतील आणि गोष्ट जिथल्या तिथे राहील. दुसरं, समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांत मूल असलेल्या विद्यार्थिनींसाठी काही खोल्या. तिसरं, फेलोशिप वेळेवर. पाळणाघरवाली बाई उधारी लिहीत नाही.

आणि काही गोष्टी मागायच्या नाहीत, करायच्या आहेत. आपल्या वस्त्यांमधली विहारं सकाळी-संध्याकाळी वंदनेला उघडतात आणि दिवसभर कुलूपबंद असतात. परीक्षेच्या महिन्यात तिथे लेकरं सांभाळायची पाळी का लागू नये? जयंतीच्या वर्गणीतून डीजेला किती जातात हे आपल्याला माहीत आहे. त्यातला थोडा भाग एका ताईच्या मानधनाला आणि चार चटयांना पुरेल. अभ्यास मंडळाच्या बैठकीत बायका का येत नाहीत, असं विचारणाऱ्या मित्रांनी पुढच्या बैठकीला एक कोपरा लेकरांसाठी ठेवावा आणि तिथे स्वतः बसावं. अमेरिकेतल्या काळ्या समाजावर लिहिताना पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी जन्मदात्या आईच्या जोडीने मूल वाढवणाऱ्या 'दुसऱ्या आयां'बद्दल लिहिलं आहे. शेजारीण, आजी, मैत्रीण. त्या समाजाला जगवणाऱ्या बायांत त्यांची गणना त्या करतात. आपल्याकडे त्यासाठी शब्द तयारच आहे, मावशी. तो आपण शहराच्या चाकरीतून सोडवून घरी आणायला हवा.

त्या दुपारी आम्ही तेच केलं, नकळत. नांदेडचा मुलगा आई दिसेना म्हणून रडायला लागला तेव्हा वाशिमने त्याला खांद्यावर टाकून कोपर्निकस मार्गाच्या फुटपाथवर मंडी हाऊसपर्यंत चार फेऱ्या मारल्या. नाटकाच्या तालमीला निघालेली पोरं, दूरदर्शन भवनातून बाहेर पडलेले कर्मचारी, सगळ्यांना तो हात हलवत होता. साताऱ्याची मुलगी माझ्या मांडीवर झोपली. माझी मुलगी मध्येच विचारती झाली, "आई, तुला सगळे बुलढाणा का म्हणतात?"

मी आधी म्हटलं, "कारण मी तिथली आहे." मग वाटलं, अर्धंच सांगते आहे. अडीच वर्षांच्या पोरीला सात घरमालकांची गोष्ट सांगता येत नाही. पण आम्ही तिघींनी ठरवलं की त्या शाळेत जायला लागल्या की सांगायची, आणि चौघींच्या मुलांना एकत्र बसवून सांगायची. नावामागचं आडनाव का लपवावं लागलं, आणि त्या नावाखाली आम्ही काय काय वाटून खाल्लं, दोन्ही.

साडेपाचला नांदेड परत आली. मुलाखत कशी झाली हे आम्ही विचारायच्या आधी तिने लेकरू घेतलं आणि ओढणी घेऊन कोपऱ्यात बसली. निकाल अजून लागायचा आहे. ती पास झाली तर वर्तमानपत्रात तिच्या जिद्दीची बातमी येईल. नाही झाली तर काहीच येणार नाही. दोन्ही वेळा पुण्यात दुसऱ्याचं बाळ सांभाळणाऱ्या तिच्या आईचं नाव कुणी छापणार नाही, म्हणून मी हे लिहिते आहे.

निघताना साताऱ्याने कॅन्टीनच्या बिलाच्या मागे पेनाने चार रकाने आखले. जूनमध्ये माझा प्रबंध जमा करायचा आहे. पहिले दोन आठवडे माझी मुलगी तिच्याकडे गाझियाबादला, नंतरचा आठवडा वाशिमकडे, तिच्या रात्रपाळ्या सोडून. नांदेडची पुढची परीक्षा असली तर मी. तो कागद आता माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे.